मोजणीबाहेरचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीच्या व्यापारात रात्री आठ ते दहा ही वेळ सर्वांत महाग समजली जाते. या दोन तासांत कोणती मालिका दाखवायची, कोणती बंद करायची आणि कोणता विषय मुळीच दाखवायचा नाही, हे निर्णय महानगरांतील कार्यालयांत होतात. त्यांचा आधार एकच असतो : टीआरपी. हा आकडा म्हणजे प्रत्यक्ष जनतेचा कौल, असे आपल्याला सांगण्यात येते. 'लोकांना हेच हवे आहे' असे एकदा म्हटले की टीकाकार निरुत्तर होतो. परंतु हा कौल देणारे लोक कोण, त्यांची निवड कोणी केली आणि यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकरी त्या मोजणीत केव्हा आला, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

मोजणीची पद्धत साधी आहे. काही निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांना यंत्र जोडलेले असते. घरातील कोणती व्यक्ती केव्हा काय पाहते, याची त्यात नोंद होते आणि त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो. 'टॅम' ही संस्था मोजणी करीत होती तोवर तिच्या यंत्रांची संख्या देशभरात आठ हजारांच्या घरात होती आणि ती सर्व शहरांत होती. खेडी मोजणीबाहेरच राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २७.७ लाख, तिच्यापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. म्हणजे उपग्रह वाहिन्यांची पहिली दोन दशके घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील खेड्यांचा प्रेक्षक वाहिन्यांच्या हिशेबी अस्तित्वातच नव्हता. त्यातच विदर्भाच्या ग्रामीण भागात भारनियमनाचा काळ असा होता की, महानगरात मालिका रंगात येई, त्या वेळी येथील गावे अंधारात असत. तरीही 'महाराष्ट्राची आवड' ठरतच होती.

'बार्क' या नव्या संस्थेने २०१५ मध्ये आकडे देण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरे मोजणीत आली. परिणाम तत्काळ दिसला. दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर दिसणाऱ्या झी अनमोलसारख्या वाहिन्या हिंदीच्या क्रमवारीत एकाएकी वर आल्या. लोकांची आवड एका आठवड्यात बदलली नव्हती, बदलली होती ती मोजपट्टी! इतकी वर्षे ज्याला 'जनतेचा कौल' म्हणून मिरविले, तो वस्तुतः शहरी ग्राहकाचा कौल होता.

मोजणीत स्थान मिळाले म्हणून न्याय मिळाला, असेही झाले नाही. बार्कची मालकी वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था या तिघांच्या संघटनांकडे आहे. जाहिरातदाराला प्रेक्षकाच्या गरजेशी कर्तव्य नसते, त्याच्या खरेदीशी असते. मार्च २०१९ मध्ये मोठ्या समूहांनी आपल्या मोफत मनोरंजन वाहिन्या त्या डिश सेवेवरून काढून घेतल्या. त्या पुढे परतल्या, हे खरे. परंतु बाजाराच्या गणितात खेड्यातील प्रेक्षकाचे स्थान किती डळमळीत आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

या अनास्थेची किंमत कशी मोजावी? २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढे वाढलेले कापसाचे पीक, संरक्षक साधनांचा अभाव, औषधांची घातक मिश्रणे अशी कारणे तेव्हा पुढे आली. याचा सारा दोष दूरचित्रवाणीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण उद्याच्या फवारणीचा विचार शेतकरी आज रात्री करतो. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, तोंडाला कापड आणि हातात मोजे असावेत, कोणती औषधे एकत्र करू नयेत, मळमळ वा अंधारी आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढे सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने हे काम वर्षानुवर्षे केले. २०१५ मध्ये 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनीही आली. परंतु घरातील संच ज्या खासगी वाहिन्यांवर लावलेला असतो, त्यांनी ही जबाबदारी सरकारी वाहिन्यांवर सोपवून मोकळे व्हावे काय?

ज्या ब्रिटनकडे आपले माध्यमपंडित आदर्श म्हणून पाहतात, तेथील एक उदाहरण बोलके आहे. आयटीव्ही या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीने मार्च १९९९ मध्ये रात्री दहाचे आपले प्रतिष्ठित बातमीपत्र हलविले. चित्रपट आणि मालिका सलग दाखवून प्रेक्षकसंख्या वाढवावी, हा त्यामागील हेतू. तेथील नियामक मंडळाने ते मुकाट्याने मान्य केले नाही. जानेवारी २००१ मध्ये ते बातमीपत्र आठवड्यातील किमान काही दिवस दहाच्या वेळेवर परत आले. आकाशलहरी सार्वजनिक आहेत, त्यांचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने मोक्याच्या वेळेचा वाटा समाजाला दिला पाहिजे, हे तत्त्व तेथे गृहीत धरले जाते.

आपल्याकडे हे तत्त्व कागदावर आले आहे. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वाहिन्यांनी रोज अर्धा तास लोकहिताचे कार्यक्रम दाखवावेत, असे ठरले आणि त्या विषयांत शेती व ग्रामविकास यांचा समावेश झाला. जानेवारी २०२३ च्या सूचनेनुसार महिन्याला पंधरा तास भरावेत आणि मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ही वेळ त्यात धरू नये. निर्णय स्वागतार्ह आहे, पण त्यात पळवाट मोठी आहे. भर दुपारी, शेतकरी रानात असताना, तुकड्यातुकड्यांनी हे तास भरले तरी नियम पाळला गेला असेच होते. म्हणून मागणी नेमकी हवी : मराठी वाहिन्यांनी जुलै ते ऑक्टोबर या काळात शेतीविषयक मजकूर सायंकाळी सात ते दहा या वेळेतच दाखवावा आणि त्याचे वेळापत्रक आगाऊ जाहीर करावे. कोलाम पोडांवर आणि बंजारा तांड्यांवर तो कळावा, यासाठी कोलामी आणि गोरमाटी बोलींतील सूचनांचाही विचार व्हावा.

'असले कार्यक्रम पाहणार कोण?' हा आक्षेप येणारच. १९८७ मध्ये रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' सुरू झाले, तेव्हा ती वेळ मोक्याची नव्हती. मालिकेने ती वेळ मोक्याची केली. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली, तेव्हा नव्या पिढीनेही ती डोक्यावर घेतली. आवड ही घडविता येते, मात्र त्यासाठी आधी वेळ द्यावी लागते. शेती आणि आरोग्य यांच्या कार्यक्रमांना आडवेळ द्यायची आणि प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून तीही काढून घ्यायची, हा न्याय नव्हे.

टीआरपी प्रेक्षकांची संख्या सांगते, त्यांची निकड सांगत नाही. ती जाणण्याची जबाबदारी समाजाची आणि शासनाची आहे. येत्या खरिपात कपाशी डोक्याएवढी होईल. त्याआधी रात्री आठची पाच मिनिटे मागून घेण्याइतका आग्रह महाराष्ट्राने धरलाच पाहिजे.