सीतेची आसवं

भाद्रपदात कासच्या पठारावर गेलात तर एकदा गुडघे टेकून जमिनीकडे बघा. जांभ्याच्या कातळावर जेमतेम मातीचा थर, त्यावर साचलेलं पावसाचं पाणी आणि त्यातून वर आलेली वीतभरही उंची नसलेली जांभळी-निळी फुलं. प्रत्येकाच्या मधोमध एक पांढरा ठिपका. हीच सीतेची आसवं. नाव इतकं हळवं, पण झाड शिकारी. पावसाच्या माऱ्याने या मातीतलं नत्र धुऊन गेलेलं असतं, म्हणून ही वनस्पती ते किड्यांकडून मिळवते. चिखलात तिच्या धाग्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून आक्रसून बसते. दाराजवळच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार मिटतं. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी! मला तर पठारावरच्या तेरड्याच्या गुलाबी गालिच्यापेक्षा हे नवल मोठं वाटतं. पाऊस सरला, कातळ सुकला की झाड संपतं. पुढच्या वर्षाची सारी भिस्त मातीत पडलेल्या बियांवर. २०१२ साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दी वाढली. फोटोसाठी फुलांत बसकण मारणारा माणूस बी धरण्याआधीच झाड चिरडतो. तेव्हा जमलं तर रविवार टाळून जा, पायवाट सोडू नका आणि मुलांना भिंग द्यायला विसरू नका.