हौदाचे बूच आणि घरचा जमाखर्च



सुरगाण्याचा पाऊस ज्याने पाहिला त्याला येथे पाण्याची टंचाई असते हे सांगून पटत नाही. आषाढ-श्रावणात कौलांची धार थांबत नाही. नार-पारसारख्या नद्या दुथडी भरून वाहतात आणि ते सारे पाणी पश्चिमेला उतरून गुजरातमार्गे समुद्राला मिळते. फाल्गुन उलटला की त्याच तालुक्यात पाड्यापाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. आदिवासी भगिनी असोत की आपल्या वस्तीतल्या, डोक्यावरचे ओझे सारखेच.

योजना, धरणे, नळ यांविषयी बोलायलाच हवे आणि आपण बोलतो. आज मात्र एका लहान वस्तूविषयी लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे मोरीतल्या हौदाचे बूच.

शहरातील बंगल्यांत आणि मोठ्या हॉटेलांत न्हाणीघरात टब असतो. त्याच्या तळाला भोक आणि भोकाला साखळीचे बूच असते. ते बिघडले की टब भरत नाही, एवढाच त्रास. आपल्याकडे टब नाही, पण सिमेंटचा हौद आहे. त्यालाही तळाशी भोक असते आणि त्यात लाकडाची खुंटी, रबरी बूच, नाहीतर नुसता चिंध्यांचा बोळा असतो. हे बूच बिघडले तर डोक्यावरून वाहून आणलेले पाणी रात्रभर मोरीतून निघून जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

आता हिशोब करू. हौद आतून चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद असेल, तर त्यातील एक इंच पाणी म्हणजे सुमारे साडेतेवीस लिटर. रात्रीतून दोन इंच पाणी उतरले तर सत्तेचाळीस लिटर गेले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तीन हंडे झाले. महिन्याचे झाले नव्वद हंडे. सरकारच्या २०१९ सालच्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. म्हणजे एका माणसाच्या वाट्याचे बहुतेक पाणी त्या भोकातून जाते. जमेच्या बाजूला बाईचे कष्ट आणि खर्चाच्या बाजूला चिंधी, असा हा जमाखर्च आहे.

यात पाण्यापेक्षाही मोठे नुकसान होते. माझ्या माहितीतल्या एका घरात रोज सकाळी वाद होई. रात्री काठोकाठ भरलेला हौद सकाळी उतरलेला दिसे. सासूबाईंना वाटे, सून पाणी जपून वापरीत नाही. सुनेला वाटे, सासरे पहाटे उठून बादल्या उपसतात. दहावीतली मुलगी शाळेआधी दोन खेपा जास्त करी आणि पहिला तास बुडे. शेवटी त्या मुलीनेच एके रात्री हौदाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या कडेला खडूची रेघ मारली आणि सर्वांना बजावले, "सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही." सकाळी पाणी रेघेखाली दोन बोटे होते. चोर घरातला कोणी नव्हता. बुचाभोवतीची चिंधी कुजली होती.

आपल्या घरीही ही खडूची परीक्षा करून पाहावी. पाणी उतरले, तर भोकाच्या बाहेरच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा कोरडा कागद धरावा. कागद भिजला तर दोष बुचात. कागद कोरडा राहिला आणि पाणी तरीही उतरते आहे, तर हौदाला चीर गेली आहे. ते काम गवंड्याचे.

बूच का बिघडते? लाकूड पाण्यात फुगते आणि कोरडे पडले की आकसते. उन्हाळ्यात हौद दोन-चार दिवस रिकामा राहिला की खुंटी सैल होते. रबर उन्हाने आणि टीसीएल पावडरने कडक होऊन त्याला भेगा पडतात. चिंधी तर कुजणारच. शिवाय भोकाच्या कडेला क्षारांचा पांढरा थर बसतो. त्या खडबडीत थरावर नवे बूचही नीट बसत नाही. म्हणून बूच बदलण्याआधी भोक साफ करणे महत्त्वाचे.

दुरुस्तीची रीत अशी. हौद रिकामा होईल तो दिवस धरावा. उरलेले पाणी बादल्यांत काढून कपडे-भांड्यांना वापरावे. भोकाच्या कडेला चिंचेचा कोळ अर्धा तास लावून ठेवावा, मग नारळाच्या शेंडीने घासावे. त्यानंतर सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडाची एका बाजूला निमुळती खुंटी घ्यावी आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी. सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्धा इंच रुंद पट्टी कापून ती ताणून खुंटीवर गुंडाळावी आणि शेवटचे टोक आधीच्या वेढ्याखाली खोचावे. पंक्चरवाल्याकडे अशी ट्यूब फुकटही मिळते. तयार रबरी बूच आणायचे असेल तर भोकाचे माप घेऊन दुकानात जावे, अंदाजाने आणू नये.

बूच नेहमी हौदाच्या आतून बसवावे. तीन फूट पाणी असले आणि भोक एक इंचाचे असले, तर पाण्याचा त्या बुचावर जवळजवळ अर्धा किलोचा दाब पडतो. आतून बसवलेले बूच त्या दाबाने अधिक घट्ट होते. बाहेरून ठोकलेले बूच त्याच दाबाने रोज थोडे थोडे बाहेर ढकलले जाते. बुचाच्या जाड टोकाला पितळी स्क्रू लावून त्याला नायलॉनची दोरी बांधावी आणि दोरीचे दुसरे टोक काठाशी अडकवावे. म्हणजे हौद धुताना पाण्यात खांद्यापर्यंत हात घालावा लागत नाही आणि बूच हरवत नाही.

भोकात आट्यांचे सॉकेट बसवलेले असेल तर त्याला आट्यांचाच प्लग लावावा. प्लगच्या आट्यांवर टेफलॉन टेपचे सात-आठ वेढे द्यावेत. प्लग ज्या दिशेने घट्ट होतो त्याच दिशेने टेप गुंडाळावी, नाहीतर पिळताना ती उलगडते. प्लास्टिकचा प्लग पान्ह्याने फार आवळू नये, तडकतो.

चांगल्या बुचाचा आणखी एक फायदा आहे. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे सांगते. अंडी हौदाच्या भिंतीला चिकटलेली असतात, त्यामुळे भिंती घासून धुवाव्या लागतात. बूच सहज निघणारे आणि पुन्हा घट्ट बसणारे असेल तरच हे काम दर आठवड्याला होते.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशाम्बीच्या उदयन राजाच्या राजस्त्रियांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाने विचारले, इतक्या चीवरांचे काय करणार? आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. पुढे त्यांच्या गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकी जीर्ण झाली की? त्यांचे तुकडे मातीत कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली. वस्तू शेवटपर्यंत उपयोगात आणणे ही आपल्याकडे कंजुषी नव्हे, ती धम्माची शिस्त आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबलाही तोच न्याय लावावा.

पाण्याची किंमत आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. हक्काच्या पाण्यासाठी एवढा लढा देणाऱ्यांच्या घरात ते पाणी कुजक्या चिंधीतून गटारात जावे, हे शोभत नाही.

आता प्रश्न उरतो, हे काम कोणी करायचे? पुष्कळ घरांत पुरुष म्हणतात, "बघू रविवारी." तो रविवार येत नाही. पाणी आणायचे बाईने आणि ते गळते की नाही हेही बाईनेच पाहायचे, ही वाटणी समतेची नाही. वर सांगितलेल्या घरात सासरे आणि सून दोघांनी मिळून बूच बसवले. सासऱ्यांनी खुंटी तासली, सुनेने ट्यूब ताणून गुंडाळली. पाऊण तासात काम झाले. सासूबाईंनी सुनेला तोंडाने काही म्हटले नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली खेप त्या स्वतः घेऊन आल्या. मुलगी आता पहिल्या तासाला वेळेवर हजर असते.

येत्या पौर्णिमेच्या आत प्रत्येकाने आपल्या हौदाला खडूची रेघ मारून पाहावी. विहाराच्या टाकीलाही मारावी, कारण तेथे पाणी सर्वांचे असते आणि गळती कोणाचीच नसते. तरुण मुलांनी एका रविवारी पाच-दहा खुंट्या तासून ठेवाव्यात आणि वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आयाबायांच्या घरी जाऊन त्या बसवून द्याव्यात. तेवढी धम्मसेवा कोणालाही जमण्यासारखी आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!