शेवाळ कोणते राखायचे, कोणते काढायचे

मराठीत एक पंचाईत आहे. विहिरीच्या कडेला वाढते ते शेवाळ, पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरवते तेही शेवाळ आणि माशांच्या काचपेटीत पैसे देऊन आणून लावायचे तेही शेवाळच. दुकानदार या शेवटच्याला 'मॉस' म्हणतो. शाळेच्या पुस्तकात शैवाल आणि हरिता असे दोन वेगळे शब्द आहेत, पण घरात असे बोलते कोण? आमच्याकडे या एका शब्दाने दोनदा घोटाळा केला.

पहिल्यांदा मुलांच्या दादींनी. मुलीने लाकडाच्या फांदीवर जावा मॉस दोऱ्याने बांधून वाढवले होते. एका जुम्याला आम्ही नमाजला गेलो असता दादींनी ती फांदी बाहेर काढली आणि घासणीने लख्ख केली. "एवढं शेवाळ माजलंय, मासे जगतील कसे?" त्यांचा हेतू चांगलाच होता. मुलगी रडून रडून झोपली. पण मॉस चिवट निघाले. फांदीच्या खाचांत चार धागे उरले होते, त्यातून दोन महिन्यांत पुन्हा हिरवळ धरली.

दुसऱ्यांदा आम्ही स्वतः, आणि ते अजून मनाला लागून आहे. रमजान चालू होता. सहरीला उठले की हॉलमध्ये अंधार, म्हणून कुणीतरी काचपेटीचा दिवा लावायचा. तरावीह आटोपून जो शेवटी घरी येईल तो बंद करायचा. म्हणजे पहाटे साडेचार ते रात्री साडेदहा, 18 तास! शिवाय इफ्तारच्या वेळी प्रत्येक मूल प्रेमाने माशांना चिमूट चिमूट दाणे टाकणार. पंधरा दिवसांत मॉसवर केसांसारखे हिरवे धागे चढले. ईदला पाहुणे येणार, पेटी चांगली दिसली पाहिजे, म्हणून आम्ही शेवाळ मारायचे औषध आणून ओतले. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचले नाही. त्यात तांबे होते. मासे वाचले, पण मॉसमध्ये राहणाऱ्या 11 लाल चेरी कोळंब्या दुसऱ्या दिवशी जोहरपर्यंत मेल्या आणि मॉसही तपकिरी पडले. औषधाने सांगितलेले काम चोख केले होते, मॉसही शेवाळच ना! मुलीने कोळंब्या एक एक मोजल्या. अबू उमैर या लहान मुलाची पाळलेली चिमणी मेली तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्याची आवर्जून विचारपूस केली होती, ती गोष्ट आम्ही तिला सांगितली. ती ऐकून घेतली, पण "औषध कुणी ओतलं?" हा तिचा प्रश्न तसाच उरला.

तेव्हापासून आमच्या घरात दिव्याला टायमर आहे. दुपारी 3 ला लागतो, रात्री 10 ला विझतो. रमजान असो वा परीक्षा, त्याला कुणी हात लावत नाही. मॉसला सात ते आठ तासांचा उजेड पुरतो. त्यापुढचा उजेड मॉसपेक्षा धाग्यांच्या शेवाळालाच जास्त मानवतो, कारण मॉस सावकाश वाढते आणि ते झपाट्याने. नव्या पेटीत तर सहा तासांवरच थांबावे.

दिवा फार जोरकस नको. आमची पेटी दोन फुटी, सुमारे 50 लिटरची. तिला 10 वॉटचा पांढरा एलईडी पुरला. खोक्यावर 6500 के असे छापलेले असले की झाले. उजेड कमी पडला की मॉस लांब, विरळ, केसांच्या बटांसारखे होते. पुरेसा असला की आखूड आणि दाट. टोकांना पोपटी कोंब दिसले की ते खुशीत आहे असे समजावे. खिडकीचे ऊन मात्र फुकटचे असले तरी नको. त्याने पाणी तापते आणि हिरवे होते.

मॉसला खरी मुळे नसतात, म्हणून वाळूत खोचून उपयोग नाही. खडबडीत लाकडावर किंवा आपल्याकडच्या काळ्या दगडावर पातळ थर पसरून दोऱ्याने बांधावे. दगडावर सिरक्याचे थेंब टाकून बघावेत. फेस आला तर तो चुनखडीचा, पेटीत नको. हौसेने जाड गादी बांधू नये. खालच्या थराला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि वरचे सगळे एके दिवशी सुटून तरंगते. सुती दोरा काही आठवड्यांत विरतो आणि जावा मॉसची पकड सैल असते, म्हणून आम्ही मासेमारीची बारीक नायलॉन दोरी वापरतो. पहिले तीन-चार आठवडे ते मलूल दिसेल, धीर धरावा. तपकिरी झालेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. तो कात्रीने काढावा, खालून नवे फुटते. विहिरीवरचे किंवा भिंतीवरचे शेवाळ आणून लावायचा मोह मुलांना होतो. ते बहुधा पाण्याखाली तगत नाही.

मे महिन्याची गोष्ट वेगळी. मॉसला 22 ते 28 अंश सुखाचे. पाणी तिशीच्या वर गेले की वाढ थांबते. तेव्हा झाकण उघडून पाण्यावर छोटा पंखा सोडावा. दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडून जाते तेवढी भर रोज घालावी लागते, एवढेच.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की क्लोरीन उडते. काढलेले पाणी मोरीत ओतायचे नाही. ज्या दीनात वुजूलाही पाणी जपून वापरायला शिकवले, त्या घरात बादलीभर पाणी असे जाणे बरे दिसत नाही. आमच्याकडे ते पुदिन्याला आणि कढीपत्त्याला जाते, आणि माशांच्या घाणीचे ते पाणी त्यांना चांगलेच मानवते. मॉसमध्ये गाळ अडकतो. ते या काढलेल्या पाण्यातच हलकेच खळबळावे. धागे दिसले तर जुन्या टूथब्रशला शेवया गुंडाळतो तसे गुंडाळून ओढावेत. दाणे निम्मे करावेत, दिवा तासाभराने कमी करावा. बाटलीतले औषध आमच्या घरात पुन्हा आलेले नाही.

कोळंब्याही अजून आणलेल्या नाहीत. तांबे वाळूत मुरून राहते, म्हणून आम्ही सगळी वाळू बदलली, फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी घातली आणि थांबलो आहोत. मॉस मात्र परत दाटले. मागच्या आठवड्यात गप्पी मादीने पिल्ले दिली. मोठे मासे ती खातात, पण नऊ पिल्ले मॉसमध्ये लपून वाचली. दादींनी ती आधी पाहिली. चष्मा लावून काचेला नाक टेकवून बसल्या होत्या, आणि मुलीला हाक मारून म्हणाल्या, "ये गं, तुझ्या शेवाळात बघ काय आहे."