विश्लेषण : वेब सर्व्हरला स्वतंत्र खाते कशासाठी?

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातही आता प्रवेश अर्ज, दाखले, सातबारा अशी कामे संकेतस्थळांवरून होतात. त्यासाठी दिलेले आधार क्रमांक, बँक खात्याचे तपशील कुठल्या तरी सर्व्हरवर साठतात. तिथे हल्लेखोर शिरला तर नुकसान किती होईल, हे बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीवर ठरते: वेब सर्व्हर कोणत्या खात्याने चालतो?

खाते म्हणजे नेमके काय?
संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्राम कोणत्या तरी वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि त्या वापरकर्त्याचेच अधिकार त्याला मिळतात. लिनक्समध्ये ‘रूट’ हा सर्वाधिकारी. तो कोणतीही फाइल वाचू, बदलू, पुसू शकतो. वेब सर्व्हर रूटच्या नावाने चालवणे म्हणजे आडत दुकानात काट्यावर बसणाऱ्याच्या हाती तिजोरीचीही किल्ली देणे. माणूस प्रामाणिक असला तरी किल्ली हिसकावणारा प्रामाणिक नसतो.

याचा फटका कधी बसला?
जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ या वर्मने मायक्रोसॉफ्टच्या ‘आयआयएस’ वेब सर्व्हरमधील त्रुटीचा फायदा घेतला. १४ तासांच्या आत ३ लाख ५९ हजारांहून अधिक संगणक बाधित झाले. त्रुटी दुरुस्त करणारे अपडेट महिनाभर आधीच आले होते, पण अनेकांनी ते टाकले नव्हते. त्यात सर्व्हरचा तो भाग ‘सिस्टीम’ या सर्वाधिकारी खात्याने चालत असल्याने घुसखोराला पूर्ण ताबा मिळत होता. २००३ च्या विंडोज सर्व्हरमध्ये मायक्रोसॉफ्टने संकेतस्थळे मर्यादित अधिकारांच्या खात्याने चालवण्याची पद्धत आणली.

राज्याशी याचा संबंध काय?
मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा, म्हणजे रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि ऑनलाइन कामकाज ठप्प झाले. असे सॉफ्टवेअर ज्या फाइल बदलण्याचा अधिकार त्याला मिळतो, त्याच कुलूपबंद करू शकते. म्हणूनच अधिकार कमी ठेवणे हा नुकसान आवरण्याचा पहिला उपाय ठरतो.

योग्य रचना कशी असते?
८० आणि ४४३ हे पोर्ट उघडण्यासाठी लिनक्समध्ये सहसा रूटचे अधिकार लागतात. त्यामुळे ‘एनजिनएक्स’सारखा सर्व्हर रूटने सुरू होतो, पण येणाऱ्या विनंत्या मर्यादित खात्याच्या प्रक्रियांकडे सोपवतो. या खात्याने कोणालाही लॉगिन करता येऊ नये. संकेतस्थळाच्या फाइल दुसऱ्या खात्याच्या मालकीच्या असाव्यात. सर्व्हरला त्या केवळ वाचता याव्यात. कागदपत्रे अपलोड होतात त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असावी, पण तिथला कोड चालू नये. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असतील, तर प्रत्येकाला वेगळे खाते हवे. नाहीतर एका शाळेच्या संकेतस्थळातून शिरलेला शेजारच्या पतसंस्थेच्या फाइलपर्यंत पोहोचतो.

एवढ्याने धोका टळतो का?
नाही. संकेतस्थळाला जो डेटाबेस वाचता येतो, तो घुसखोरालाही वाचता येतो. शिवाय २०२२ मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी पाइप’सारख्या लिनक्समधील त्रुटीमुळे साधे खातेही रूट बनू शकत होते. म्हणून वेळच्या वेळी अपडेट, डेटाबेससाठी वेगळे मर्यादित खाते आणि सर्व्हरबाहेर ठेवलेला बॅकअप हेही लागतेच.

संस्थांनी काय विचारावे?
छोट्या संस्था संकेतस्थळाचे काम बहुधा बाहेरच्या व्यक्तीकडे देतात. करार करताना तीन प्रश्न विचारता येतात: सर्व्हर कोणत्या खात्याने चालतो, आमच्यासोबत आणखी कोणाची संकेतस्थळे आहेत आणि नोंदी किती दिवस राहतात? ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे अपेक्षित आहे. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेतील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या तुलनेत वेगळे खाते उघडायला एकही रुपया लागत नाही. लागते ती काही मिनिटांची आज्ञावली आणि ती मागून घेणारा ग्राहक.