रविवारची पाने आणि मंगलेश डबराल

कवीने संपादन केले, की मराठी समीक्षक ते त्याच्या चरित्रात एका ओळीत आटोपतो. आणि ते संपादन दैनिक वृत्तपत्रातले असेल, तर तीही ओळ उरत नाही. उरते ती हळहळ. पोटासाठी बिचाऱ्याला नोकरी करावी लागली, एरवी आणखी दोन-तीन संग्रह झाले असते, असे म्हणण्याची रीतच पडून गेली आहे. या हळहळीचे रूप सहानुभूतीचे असले, तरी तिच्या मुळाशी वाङ्मयव्यवहाराविषयीचे अज्ञान आहे. हिंदी कवी मंगलेश डबराल यांची कारकीर्द त्याचा उलगडा करण्यास पुरेशी आहे.

टिहरी गढवालमधील काफलपानी या गावी १९४८ साली जन्मलेले डबराल तरुणपणीच दिल्लीत आले आणि 'हिंदी पेट्रियट', 'प्रतिपक्ष', 'आसपास' अशा पत्रांतून वावरले. भोपाळच्या भारत भवनाच्या 'पूर्वग्रह'मध्ये त्यांनी साहाय्यक संपादक म्हणून काम केले. पुढे ते 'अमृत प्रभात'मध्ये होते. १९८३ साली प्रभाष जोशी यांच्या संपादकत्वाखाली दिल्लीत 'जनसत्ता' निघाला, तेव्हा ते तेथे आले आणि 'रविवारी' या साहित्यपुरवणीचे काम त्यांनी दीर्घ काळ सांभाळले. नंतर 'सहारा समय', 'पब्लिक एजेंडा', नॅशनल बुक ट्रस्ट. थोडक्यात, हा कवी आयुष्यभर इतरांचे लेखन वाचत, निवडत आणि दुरुस्त करत राहिला.

आता हळहळणाऱ्यांनी थोडे गणित करावे. 'पहाड़ पर लालटेन' हा पहिला संग्रह १९८१चा. 'घर का रास्ता' १९८८, 'हम जो देखते हैं' १९९५ आणि 'आवाज़ भी एक जगह है' २००० हे तीन संग्रह 'जनसत्ता'च्या वर्षांत आले. त्यानंतरचा 'नये युग में शत्रु' यायला २०१३ उजाडावे लागले. नोकरीने कविता खाल्ली म्हणावे, तर दैनिकाच्या धबडग्यात पाच-सात वर्षांच्या अंतराने संग्रह येत होते आणि सर्वांत मोठा खंड पडला तो त्यानंतर. संग्रहांच्या संख्येवरून कवी तोलावा असे कोणी म्हणणार नाही. पण संख्येचा मुद्दा हळहळणाऱ्यांनीच काढलेला आहे.

खरा मुद्दा संख्येपलीकडचा आहे. वाङ्मयीन नियतकालिकाचा वाचक कवितेसाठी तयार होऊन येतो. रविवारच्या वृत्तपत्राचा वाचक तसा येत नाही. त्याच्या हाती कविता पडते ती निवडणुकीच्या बातम्या, वधूवरांच्या जाहिराती आणि सिनेमाची परीक्षणे यांच्या शेजारी, चहाच्या कपासोबत. तेथे कविता छापणाऱ्याला दर आठवड्यास एका प्रश्नाला सामोरे जावे लागते: दीक्षा न घेतलेल्या माणसापुढे ही ओळ उभी राहील काय? 'जनसत्ता'ची ख्याती तर त्याच्या भाषेसाठीच होती. अनुवादाच्या ओझ्याखाली वाकलेली सरकारी हिंदी टाकून बोलीच्या जवळची हिंदी त्याने वृत्तपत्रात आणली. डबराल यांची कविता या वर्षांत अधिकाधिक साध्या बोलण्याकडे आणि गद्याच्या लयीकडे सरकत गेली, हा ज्यांना योगायोग वाटत असेल त्यांनी तो तसा मानावा. परंतु मग दुसऱ्याच्या मजकुरातला फाजील शब्द रोज काढणारा हात स्वतःची कविता लिहिताना निराळा होतो, असेही त्यांना सिद्ध करावे लागेल.

मराठीत हे पटणे कठीण जाते, याला कारण आहे. १९५४ साली दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांचे चक्रमुद्रित 'शब्द' निघाले, त्याच वर्षी पु. शि. रेग्यांचा 'छंद' सुरू झाला. पुढे अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली आणि १९६९ साली 'सत्यकथे'चा अंक जाळण्यापर्यंत गोष्ट गेली. प्रस्थापितांच्या पानांशी फटकून राहणे ही तेव्हाची गरज होती. त्या बंडाने मराठी कवितेला जे दिले ते कोणी नाकारू नये. मात्र गरजेचे रूपांतर सोवळ्यात झाले. मोजक्यांसाठी काढलेला अंक तेवढा शुद्ध आणि लाखांनी वाचलेले पान विटाळलेले, अशी वर्णव्यवस्था अनियतकालिकांच्या वारसदारांनी निर्माण केली. 'वृत्तपत्रीय' हे विशेषण मराठी समीक्षेत आजही शिवीसारखे वापरले जाते. गंमत अशी, की ज्या कवी-संपादकांनी हे अंक पदरमोड करून काढले, त्यांच्याही संपादनाचा अभ्यास थोडाच झाला. रेग्यांच्या कवितेवर पुष्कळ लिहिले गेले. 'छंद'च्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते.

दिल्लीची परंपरा वेगळी आहे. १९६५ साली 'दिनमान' हे वृत्तसाप्ताहिक सुरू केले ते अज्ञेय यांनी, आणि १९८२ पर्यंत चालवले ते रघुवीर सहाय यांनी. दोघेही आपापल्या पिढीचे अग्रगण्य कवी. सहाय यांची कविता त्यांच्या पत्रकारितेपासून तोडून वाचता येत नाही, हे हिंदी समीक्षेने केव्हाच मान्य केले. डबराल याच परंपरेतले.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. राजधानीतल्या दैनिकाची साहित्यपुरवणी हाती असणे ही सत्ता होय. कोण छापला जाणार, कोणाचे परीक्षण येणार, कोण वगळला जाणार हे ठरवणारा माणूस निष्पाप असूच शकत नाही. त्यातून डबराल यांचे डाव्या सांस्कृतिक चळवळीशी असलेले नाते उघड होते. तेव्हा त्या पानांवर गटबाजी झाली नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर स्तुतिपाठकांजवळ नाही आणि निंदकांजवळही नाही, कारण ती पाने समोर ठेवून कोणी बोलतच नाही. आठवणींवर आरोप होतात, आठवणींवरच गौरव होतो.

साहित्य अकादेमीचा पुरस्कार नियमाने पुस्तकाला दिला जातो. डबराल यांना तो २००० साली 'हम जो देखते हैं'साठी मिळाला आणि २०१५च्या ऑक्टोबरात, लेखकांच्या हत्या व वाढती असहिष्णुता यांच्या निषेधार्थ, त्यांनी तो परत केला. पुस्तकाला पुरस्कार हा नियम संस्थेच्या सोयीचा आहे, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते वाङ्मयेतिहासाने तोच नियम उचलणे. खुद्द अकादेमीची नियतकालिके कवींनी सांभाळली आहेत: 'समकालीन भारतीय साहित्य' गिरधर राठी यांनी, 'इंडियन लिटरेचर' के. सच्चिदानंदन यांनी. त्यांची कारकीर्द केवळ ग्रंथसूचीवरून लिहायची, तर त्यांच्या आयुष्यातील कित्येक वर्षे कोरी दाखवावी लागतील.

डबराल यांची 'संगतकार' ही कविता एनसीईआरटीच्या दहावीच्या 'क्षितिज'मध्ये आली आणि हिंदी शिकणाऱ्या असंख्य मुलांनी ती वाचली. मुख्य गायकाला साथ करणाऱ्या, आपला आवाज मुद्दाम मागे ठेवणाऱ्या माणसाविषयीची ही कविता आहे. तिच्यात नम्रतेचा पाठ शोधणाऱ्या शिक्षकांना ती लिहिणारा स्वतः काय काम करीत होता, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. समीक्षकांना असायला हवे होते. २०१९ साली त्यांनी हिंदीत लिहिण्याबद्दल ग्लानी वाटते अशा आशयाचे विधान केले, तेव्हाही मोठा गदारोळ झाला. भाषेचा द्वेष्टा म्हणून त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या भाषेतले दुसऱ्याचे एक तरी वाक्य सुधारले होते? गाझियाबादच्या वसुंधरेत राहणारा हा कवी पुढच्याच वर्षी, 'स्मृति एक दूसरा समय है' प्रसिद्ध झाल्यावर, दिल्लीच्या एम्समध्ये करोनाने गेला.

संग्रह सहज मिळतात. रविवारच्या पुरवण्यांचे तसे नाही. बहुतेक ग्रंथालये दैनिके ठरावीक मुदतीनंतर रद्दीत काढतात, आणि जेथे ती बांधून ठेवली जातात तेथेही पुरवणीतील मजकुराची सूची सहसा नसते. 'जनसत्ता'च्या त्या वर्षांतील 'रविवारी'ची लेखकवार सूची करावी, पहिल्यांदा छापले गेलेले कवी कोणते, अनुवाद कोणत्या भाषांतून आले, मराठीतून किती आले, कोण पुन्हापुन्हा येतो आणि कोण कधीच येत नाही, हे मोजावे. हेच 'छंद' आणि 'शब्द'चेही करावे. एका विद्यापीठातील पाच-सहा विद्यार्थ्यांना हे काम दोन वर्षे पुरेल.