बंदराची मागची बाजू

सुट्टीच्या दिवशी सुरतकर फिरायला निघाला की बहुधा डुमसचा रस्ता धरतो. शहरापासून वीसेक किलोमीटरवर काळ्या वाळूचा किनारा, ओहोटीला दूरवर सरकणारे पाणी आणि गरम टोमॅटो भजी. बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही तिथेच नेतात, कारण बंदराचे शहर म्हणजे समुद्र, असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. सुरत हे बंदर कळायचे असेल तर समुद्राकडे पाठ करून चालावे लागते. तापीकाठच्या किल्ल्यापासून निघायचे, जुन्या पुऱ्यांमधून पूर्वेकडे जायचे, रिंग रोड आणि रेल्वेचे रूळ ओलांडायचे आणि लिंबायतला पोचायचे. एका सकाळीत पायी होणारी ही वाट आहे, आणि सुरतेने वारशाची एकच फेरी आखायची ठरवली तर ती हीच असावी.

कारण सुरत समुद्रावर कधी वसलेलीच नव्हती. तापीच्या मुखाशी वाळूचे पट्टे असल्यामुळे मोठी जहाजे आत येत नसत, ती जवळच्या सुवाळीच्या किनाऱ्याला नांगर टाकत आणि तिथून माल होड्यांनी, गाड्यांनी शहरात येई. 1612 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज लढले तेही सुवाळीच्या पाण्यात. बंदर म्हणून निसर्गाने दिलेली सोय फारशी नसताना हे गाव मुघलांचे सर्वांत श्रीमंत बंदर झाले, ते त्याच्या पाठीमागे असलेल्या रस्त्यामुळे. तो रस्ता तापीच्या खोऱ्यातून नंदुरबारवरून बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 मध्ये सुवाळीला उतरला आणि याच वाटेने नंदुरबार मागे टाकून बुऱ्हाणपूरला गेला. बुऱ्हाणपूरचे कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जाते, असे पुढे फ्रेंच प्रवासी ताव्हर्नियेने नोंदवून ठेवले. म्हणजे सुरतेच्या धक्क्यावर चढणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा खानदेशातून येत होता. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी तळ दिला तोही बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत. शहराची संपत्ती कुठल्या अंगाने आत येते याचा अंदाज घ्यायला त्या दरवाजाइतकी चांगली जागा दुसरी नव्हती.

हा संदर्भ घेऊन चालू लागले की सुटे वाटणारे पुरे एका माळेत बसतात. आरंभ चौक बाजारातल्या किल्ल्यापासून. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांनी बेजार झालेल्या गुजरातच्या सुलतानाच्या काळात, 1540 च्या दशकात, खुदावंदखानाने तो बांधला. महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. आता महापालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून आत संग्रहालय केले आहे. जवळच मुघलसराई, 1644 ची धर्मशाळा. वाटसरू आणि मक्केला निघालेले यात्रेकरू तिथे उतरत. आज तिथे महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे आणि पाण्याच्या जोडणीसाठी आलेला माणूस शहाजहानच्या काळातल्या कमानीखालून आत जातो. वापरात असलेली वास्तू कुलुपात ठेवलेल्या वास्तूपेक्षा जास्त जिवंत असते, या मताचा मी आहे. दक्षिणेला नानपुऱ्यात दोतीवाला बेकरी. डच व्यापारी गेले तरी त्यांची पावभट्टी इथल्या पारशी कुटुंबाने चालू ठेवली. गोपीपुऱ्यात जैन देरासरे आणि कवी नर्मदचे घर. पलीकडे झांपा बाजारात दाऊदी बोहरांची 1814 मध्ये स्थापन झालेली विद्यापीठासारखी संस्था, अल जामिया तुस सैफिया. थोडी वाट वाकडी करून कतारगाम दरवाजाला गेले तर इंग्रज आणि डचांच्या दफनभूमी. तिथल्या घुमटाखाली जॉर्ज ऑक्झेंडन आहे, ज्याने 1664 मध्ये इंग्रजांची वखार लढवली. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीड हा डच अधिकारीही सुरतेतच चिरविश्रांती घेतो आहे.

मराठी वाचकाच्या मनातली सुरत मात्र लुटीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हे आपले नुकसान आहे. मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते, आणि गुजराती सुधारक दुर्गाराम मेहताजींच्या सोबतीने त्यांनी 1844 मध्ये मानवधर्म सभा काढली ती याच गल्ल्यांत. मुंबईतल्या परमहंस सभेच्या आधीची ही गोष्ट, म्हणजे आपल्या प्रबोधनाचा एक धागा सुरतेत कातला गेला. डिसेंबर 1907 मध्ये काँग्रेस फुटली तीही इथेच. नागपूरला ठरलेले अधिवेशन सुरतेला हलवले गेले, टिळक मंचावर बोलायला उभे राहिले आणि भिरकावलेल्या एका मराठी जोड्याने इतिहासात जागा मिळवली. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत हे सगळे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले आहे. ज्या शहरात ते घडले तिथे ते पायी जोडता येते.

यावर पहिला आक्षेप असा की आता पाहण्यासारखे उरले काय. 1837 च्या आगीने गावाचा मोठा भाग जाळला, तापीचे पूर येत राहिले, ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाच्या पाण्याने शहर बुडाले, आणि आता मेट्रोसाठी चौक बाजार खणला गेला. आक्षेपातले तथ्य नाकारण्याचे कारण नाही. पण आग आणि पूर इमारती नेतात, गल्ल्यांचे वळण सहसा नेत नाहीत. रिंग रोडवर सहारा दरवाजा, उधना दरवाजा ही ठिकाणे आहेत. तटाची भिंत गेली, तिची रेषा राहिली. अहमदाबादच्या महापालिकेने 1997 मध्ये वारसाफेरी सुरू केली तेव्हा पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्ली-वस्त्यांमधली, कितीतरी घरे ढासळत होती. फेरी चालू राहिली, लोकांचे लक्ष तिकडे गेले आणि 2017 मध्ये ते जागतिक वारसा शहर झाले. सगळे जपून झाल्यावर चालू, असे म्हणणारे शहर जपण्याची सुरुवातच करत नाही. गर्दी आणि कचऱ्याची अडचण सांगणाऱ्यांनी तर सुरतेचाच दाखला आठवावा: 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात या शहराने दोन वर्षांच्या आत स्वतःला धुऊन काढले. चौक ते गोपीपुरा ही वाट रविवारी सकाळी दोन तास वाहनांविना ठेवणे त्यापुढे काहीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. किल्ला आणि दफनभूमी ठीक, पण लिंबायत कशाला? तिथे ना कमान, ना घुमट. यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि कपडा मार्केट यांच्या आधाराने जगणारी दाट वस्ती आहे ती, आणि पाटीपासून बोलण्यापर्यंत तिथे जागोजागी मराठी आणि अहिराणी आहे. उत्तर जुन्या रस्त्यातच आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी व्हॅली रेल्वे झाली. सुरतेजवळच्या उधन्याहून नवापूर, नंदुरबारवरून ती खानदेशात गेली, थेट टॉमस रोच्या वाटेला समांतर. (नवापूरच्या स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, यापेक्षा या नात्याचा नेमका नकाशा कुठे मिळायचा?) पूर्वी या वाटेने कापड येत होते, आता कापड करणारे हात येतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कोरडवाहू शिवारांतून आलेल्या या माणसांशिवाय आजचा सुरतेचा कापडधंदा उभा राहत नाही. मुघलसराईला आपण वारसा म्हणतो, कारण तिने परक्यांना आसरा दिला. तेच काम आज करणाऱ्या वस्तीला फेरीतून वगळायचे, तर वारशाची आपली व्याख्या फक्त दगडांपुरती राहते.

एक भीती मात्र रास्त आहे. सुखवस्तू लोकांचे घोळके गरिबांची घरे पाहायला फिरू लागले, तर ते अपमानास्पद होईल. म्हणून फेरी घराघरांतून जाऊ नये, बाजारपेठेच्या रस्त्याने जावी, आणि वाट दाखवणारी माणसे त्याच भागातली असावीत, त्याचा मोबदला घेऊन. अशी माणसे तयार करण्याची सोय आधीपासून आहे. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. त्या शाळांतल्या वरच्या वर्गांची एक सहल लिंबायतहून निघून उलट दिशेने किल्ल्यापर्यंत यावी. आजोबा ज्या रस्त्याने कामाला आले तो चारशे वर्षांपूर्वीचा बंदराचा रस्ता होता, हे या मुलांना वाटेत सांगावे. त्यांतलीच काही पुढे डुमसहून परतणाऱ्या पाहुण्यांना शहर दाखवतील. यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. गुजराती, मराठी, हिंदी आणि उडियात लिहिलेल्या काही पाट्या, शाळेच्या वेळापत्रकातला एक दिवस आणि मुघलसराईतल्या एका टेबलावरची सही पुरेशी आहे.