सुटा गळ

शिरूरच्या बाजारपेठेत अण्णांचं दोरखंडाचं दुकान आहे. दावी, कासरे, म्होरक्या, वेसणी, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, ताडपत्री, सुतळीचे गुंडे आणि छताला टांगलेली माशांची जाळी. उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. मी तिथं बाकड्यावर बसलो होतो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला, पाच रुपयांचं नाणं गल्ल्यावर ठेवलं आणि म्हणाला, "एक गळ द्या."

"कुठं टाकणार?"

"घोडनदीत. पुलाच्या खाली."

"चारा काय लावणार?"

"गांडूळ."

अण्णांच्या डाव्या हाताला एक लाकडी कपाट आहे. त्याला बारीक बारीक खण, एकेका खणात एकेका नंबरचे गळ. त्यांनी खालून दुसरा खण ओढला, चिमटीत दोन गळ घेतले, उजेडात धरून टोकं पाहिली आणि एक परत टाकला. "हा बारीक आहे, पण हाच ने. चिलापीचं तोंड लहान. मोठा नेलास तर गांडूळ खाऊन जाईल आणि तू बसशील काठी धरून." मग रिळावरून दोन वाव तंगूस तोडलं, गळाच्या दांडीला वेढे दिले, थुंकीनं ओलं करून गाठ आवळली, वीतभर वर शिशाचा मणी दाताखाली दाबून बसवला. सगळं वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून मुलाच्या हातात दिलं. तंगुसाचे आणि शिशाचे पैसे मागितले नाहीत.

हा पाच रुपयांचा व्यवहार मी कित्येक दिवस मनात घोळवत होतो. मोठ्या दालनात हे होऊच शकत नाही. तिथली माणसं वाईट असतात असं अजिबात नाही. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका साखळी दुकानात मी पुतण्यासाठी काठी आणि रीळ घेतलं. तिथल्या मुलानं नीट समजावून सांगितलं, वस्तूही चांगली निघाली. पण तिथं गळ पाकिटात असतो. पाकिटावर उभ्या रेघांचा शिक्का असतो आणि यंत्राला तेवढंच मोजता येतं. एक गळ म्हणजे माल नव्हे, पाकीट म्हणजे माल. आणि पुलाखाली पाणी किती आहे, या महिन्यात तिथं कुठला मासा लागतो, हे विचारायची जागा त्या पावतीवर नसते.

शिरूर आणि दौंड या आपल्या दोन्ही तालुक्यांना नदीचं देणं मोठं. शिरूर गाव घोडनदीवर वसलेलं, इतकं की जुनी माणसं आजही गावालाच घोडनदी म्हणतात. न्हावऱ्याहून पारगावमार्गे चौफुल्याला जाताना भीमेचा पूल लागतो. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडस आणि वाळकीजवळ भीमेला मिळते, आणि पुढं दौंडच्या पूर्व भागात उजनीचं पाणी तुंबतं. या काठांवर पिढ्यान्‌पिढ्या भोई समाजाची माणसं मासे धरत आली. त्यांच्याबरोबर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसणारे हौशीही आहेत : दौंडचे रेल्वेतले लोक, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला आलेली परप्रांतीय पोरं. या सगळ्यांना लागणारा माल पुरवणारी दुकानं म्हणजे ही अशी, दोरखंडाच्या पोटात दडलेली.

गेल्या डिसेंबरात माझी पुतणी कोलोरॅडोहून आली. दौंडजवळच्या आमच्या गावात, भीमेच्या काठावर वाढलेली मुलगी. आता डेन्व्हरला असते आणि सुट्टी मिळाली की नदीत गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे धरते. तिकडच्या पद्धतीला गांडूळ लागत नाही, कणीक लागत नाही. पिसं, केस आणि दोरा बारीक गळावर बांधून माशी तयार करायची. तिला वजन नसतं, म्हणून दोरच जड असतो. तो काठीनं डोक्यावरून मागंपुढं झुलवत लांब सोडायचा. माशी पाण्यावर अशी उतरली पाहिजे की माशाला वाटावं, खरीच बसली. पुतणीनं त्या माशांची डबी बरोबर आणली होती. मी तिला अण्णांकडं घेऊन गेलो.

अण्णांनी चष्मा पुसला, डबी घेऊन दाराच्या उजेडात गेले. नखाएवढी एक माशी तळहातावर ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कोंबड्याच्या मानेचं पीस आहे. दुसरं कुठलं असतं तर इतकं ताठ राहिलं नसतं." बोटाच्या टोकानं दोऱ्याचे वेढे चाचपले. "शेवटची गाठ आत ओढून घेतलीय. सुटायची नाही." त्यांनी स्वतः गळ बांधून तिला दाखवला. ती म्हणाली, "अण्णा, आम्ही अशीच मारतो गाठ." दोघं तासभर बोलत बसले. मी नुसता ऐकत होतो.

तिनं तिच्या गावाकडच्या, म्हणजे तिकडच्या, दुकानाचं सांगितलं. नदीकाठच्या गावात गळावर बांधलेल्या माशांचं छोटं दुकान असतं. दारात फळा. दुकानदार रोज सकाळी त्यावर खडूनं लिहितो : आज पाणी किती थंड, प्रवाह किती, कुठले किडे पाण्यावर येतायत, कुठली माशी चालेल. ते वाचायला लोक चहाच्या वेळेला जमतात. काही घ्यायलाच हवं असं नाही. अशी दुकानं एकेक करून बंद होतायत, हे सांगताना तिचा आवाज बदलला.

त्या देशातली या धंद्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९६१ साली नेब्रास्कातल्या चॅपेल या छोट्या गावात डिक कबेला नावाच्या माणसानं हातानं बांधलेल्या माशांची वर्तमानपत्रात जाहिरात दिली : एका डॉलरला बारा. फारसं कुणी विचारलं नाही. मग त्यानं पाच माशा फुकट, फक्त टपालखर्चाचे पंचवीस सेंट पाठवा, अशी जाहिरात केली आणि पत्रांचा पाऊस पडला. बायको मेरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून गिऱ्हाइकांचे पत्ते नोंदवायची. त्या टेबलावरून कबेलाज ही प्रचंड साखळी उभी राहिली. दुसरीकडं १९७२ साली मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला जॉनी मॉरिसनं वडिलांच्या दारूच्या दुकानातल्या एका कोपऱ्यात मासेमारीचं सामान मांडलं, त्याचं बास प्रो शॉप्स झालं. २०१७ साली बास प्रोनं कबेलाज विकत घेतलं. कबेलाजचं मुख्यालय असलेल्या सिडनी या लहान गावातल्या कित्येक नोकऱ्या त्यानंतर गेल्या. १८५६ साली व्हरमाँटमध्ये सुरू झालेलं ऑर्व्हिस हे नाव तर या छंदात देवघरातल्या मूर्तीसारखं. त्यांनीही २०२५ मध्ये आपली तीसहून जास्त दुकानं बंद करायचं जाहीर केलं.

मला यातली एक गोष्ट लागली. कबेलाज आणि बास प्रो ही दोन्ही मोठी दुकानं एका कोपऱ्यातून, एका टेबलावरून सुरू झाली. त्या माणसांना माशी ठाऊक होती, नदी ठाऊक होती. दुकान वाढलं, तशी नदी लांब गेली.

आपल्याकडं हे उशिरा आलं. फ्रान्समधल्या लीलजवळ १९७६ साली निघालेलं डेकॅथलॉन भारतात आलं २००९ साली. मासेमारीचं सामान त्यांच्या दालनांत एका बाजूच्या फळीवर असतं, क्रिकेट आणि सायकलींच्या गर्दीत. महामार्गावरची मोठी दालनं आणि मोबाइलवर मागवायचा माल, दोन्ही आता शिरूर-दौंडच्या दारात आहे. अण्णांचा माल पुण्याच्या बोहरी आळीतून येतो. शंभर गळांचं पाकीट मोबाइलवर त्यांच्या खरेदीच्या भावाला मिळतं. दुकानात येऊन नंबर विचारून घ्यायचा, गाठ शिकून घ्यायची आणि माल घरबसल्या मागवायचा, अशी गिऱ्हाइकंही आहेत. अण्णा त्यांनाही गाठ दाखवतात.

मी हे सगळं त्या दिवशी अण्णांच्या दुकानातच पुतणीला मोठ्या तळमळीनं सांगत होतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, मी आठवीत असताना दौंडला एका दुकानात गळ मागितला होता. दुकानदार हसला. म्हणाला, पोरीच्या जातीला गळ कशाला, जा, भाऊ असेल तर त्याला पाठव. दुकानात चार माणसं होती, तीही हसली. मोठ्या दुकानात मला आजवर कुणी असं विचारलेलं नाही. मी काठी उचलते, वाकवून बघते, किंमत लिहिलेली असते, घेते."

दुकानात कुणी बोललं नाही. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "तो मी नव्हतो ना गं?"

"नाही अण्णा. सांगितलं ना, दौंडला."

"पण मी असतो तरी काय केलं असतं, देव जाणे."

यावर माझ्याकडं उत्तर नाही आणि ते असल्याचा आव मला आणायचा नाही. लहान दुकानातली ओळख ज्याला मिळते त्याला ऊब देते. ज्याला नाकारली जाते, त्याला उभ्या जन्माची लागते. माझं इतकंच म्हणणं आहे की त्या दिवशी अण्णांनी तो प्रश्न विचारला. तो प्रश्न पावतीला पडत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावसाळ्याच्या तोंडाला चढणीचे मासे निघतात. अंड्यावर आलेली मादी उलट्या पाण्यानं वर सरकते. त्या दिवसांत अण्णा बारीक आसाचं जाळं विकत नाहीत. टांगलेलं खाली उतरवून आत ठेवतात. पुढं पिल्लं झाली की काही जण मच्छरदाणीच्या कापडानं नदी गाळून काढतात. मच्छरदाणीचं कापड मागायला आलेल्या माणसाला अण्णा विचारतात, खाट किती लांब? उत्तर अडखळलं की कापड संपलेलं असतं. बाजारातला प्रत्येक दुकानदार असं करत नाही, हे मला माहीत आहे. कित्येक जण विकतात. पण न विकण्याची मुभा फक्त त्या दुकानदाराला असते, ज्याचा गल्ला नदीवर भरतो.

कारण नदी बिघडली की पहिल्यांदा त्यालाच कळतं. अण्णांचं ते कपाट म्हणजे भीमा आणि घोडनदीची रोजनिशी आहे. वरच्या खणांत मोठे गळ : मरळ, वाम, शिवड्यासाठी त्यांच्या वडिलांनी भरलेले, नॉर्वेच्या मस्टॅड कंपनीचे. खालच्या खणांत बारीक. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत विक्री एकेक खण खाली सरकत आली, असं अण्णा सांगतात. वरचे खण आता महिनोन्‌महिने उघडत नाहीत. १९५२ साली बाहेरून देशात आणलेली चिलापी सगळ्या पाण्यात माजली. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून येतं, पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा चढतो आणि त्याखाली पाणी गुदमरतं. आणि याच मुळा-मुठेत, पुण्याच्या पूर्वेला, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला तो मासा मिळाला होता, ज्याचं वर्णन त्यानं १८३९ साली प्रसिद्ध केलं आणि ज्याला आज जगभरचे गळवाले महासीर म्हणून शोधत फिरतात. खुद्री, कोलस, गोग्रा : त्यानं शास्त्रीय नावं ठेवली ती इथल्याच लोकांच्या तोंडची. इथल्या मासे धरणाऱ्यांची बोली लॅटिनच्या शेजारी जाऊन बसली. मी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी "घोगरा" हा शब्द दोनदा उच्चारला, खात्री करून घेतल्यासारखा.

मोठ्या दालनात जो गळ तीन महिने खपत नाही, तो फळीवरून निघून जातो. संगणक तसं सांगतो आणि धंद्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. अण्णांनी वरचे खण रिकामे केले नाहीत. मुलगा सांगतो, बाबा, तिथं मोबाइलचे चार्जर ठेवू, निदान खपतील. अण्णा ऐकतात आणि दिवाळीला त्या गळांना तेलाचा बोळा फिरवतात.

निघताना पुतणीनं विचारलं, "यातला एक द्याल?"

अण्णांनी सगळ्यात वरचा खण ओढला. तो ओल्या हवेनं अडकला होता, दोनदा झटका द्यावा लागला. आतून करंगळीएवढा गळ काढला, टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. टोक रुतलं. तो कागदात गुंडाळून तिच्या हातात देत म्हणाले, "तुझ्या त्या फळ्यावाल्याला दाखव. सांग, या मापाचा मासा आमच्या भीमेत होता."

तिनं पैसे विचारले. अण्णांनी दहा रुपये घेतले, गल्ल्यात टाकले. मग खणातले उरलेले गळ मोजले, अकरा भरले, आणि खण आत सारला.